सुरमईचे दात आणि दोन सेंटीमीटर दोरी

9 नोव्हेंबरच्या दुपारी मी बोटीच्या कडेला बसून हातातल्या मासेमारीच्या जिगकडे बघत होते. 160 ग्रॅमचं लोखंड जसंच्या तसं होतं, रंगसुद्धा फारसा उडाला नव्हता. फक्त त्याच्या डोक्याला दोरीने लोंबणारा गळ, म्हणजे असिस्ट हुक, गायब होता. दोरीचा इंचभर तुकडा उरला होता आणि त्याचं टोक ब्लेडने कापावं तसं तिरकं, स्वच्छ कापलेलं होतं. सकाळपासून असं तिसऱ्यांदा झालं होतं.

त्यानंतर जवळपास तीन महिने मी घरी असिस्ट हुक बांधायला शिकले. या काळात बऱ्याच गोष्टी चुकल्या आणि काही जमल्या. उष्ण समुद्रातल्या दातवाल्या माशांसाठी, म्हणजे सुरमई, बाराकुडा, वाहू यांच्यासाठी, कोणी पहिल्यांदा हुक बांधायला बसणार असेल तर त्याचे निदान काही आठवडे वाचावेत म्हणून हे सगळं तारखांसकट लिहिते आहे.

ज्यांनी जिगिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जिग म्हणजे माशाच्या आकाराचा धातूचा तुकडा. तो तळाकडे सोडायचा आणि काठीच्या झटक्यांनी वर आणायचा. गळ थेट जिगला न लावता छोट्या दोरीने लोंबता ठेवतात, तोच असिस्ट हुक. दोरीमुळे गळ मोकळा राहतो, त्यामुळे मासा डोकं झटकतो तेव्हा जिगच्या वजनाची तरफ होऊन गळ सुटत नाही. ही पद्धत मुळात जपानी कोळ्यांनी आणि हौशी मासेमारांनी रुजवली. तांबोशी, हेकरू अशा माशांना ती उत्तम चालते. सुरमईचं मात्र वेगळं. तिचे दात त्रिकोणी, दोन्ही बाजूंनी चपटे आणि धारदार असतात, वाहूच्या दातांना तर करवतीसारखी बारीक धार असते. हे मासे गिळत नाहीत, कापतात.

त्या दिवशी एकूण सहा मासे लागले. त्यातली एक तांबोशी बोटीत आली. एक मासा सुटला, एकाने लीडरच, म्हणजे मुख्य दोरी आणि जिग यांच्यामधली जाड दोरी, कापून जिग नेलं आणि तिघांनी असिस्टची दोरी तोडली. घरी आल्यावर तिन्ही तुकडे भिंगाखाली धरले. दोन ठिकाणी काप तिरका आणि स्वच्छ होता. तिसरं टोक मात्र पिंजलेलं, कापसासारखं फुललेलं. तो दाताचा काप नव्हताच. दोरी सॉलिड रिंगऐवजी (अखंड कडी) मी स्प्लिट रिंगमध्ये (किल्ल्यांच्या कडीसारखी दुहेरी तारेची रिंग) अडकवली होती आणि स्प्लिट रिंगच्या तारेच्या टोकाने ती दिवसभर घासली गेली होती. म्हणजे एक मासा सरळ माझ्या चुकीने गेला होता. पहिला धडा तिथेच मिळाला: दोरी आणि लीडर दोन्ही अखंड सॉलिड रिंगला, आणि स्प्लिट रिंग फक्त सॉलिड रिंग आणि जिग यांना जोडण्यापुरती. तुटलेली दोरी दिसली की फेकून देऊ नका, आधी टोक बघा. ते बरंच काही सांगतं.

12 नोव्हेंबरला सामान मागवलं. 5/0 मापाचे जाड तारेचे गळ, सोळा पदरी पोकळ पीई (पॉलिथिलीन) दोरी, केवलार जातीची अरॅमिड दोरी, 49 बारीक तारांची मऊ स्टीलची वायर आणि तिच्या क्रिंप नळ्या (वायरवर दाबून बसवायच्या धातूच्या नळ्या), गुंडाळायला पीईचा बारीक धागा, गरम केल्यावर आकसणारी नळी, सॉलिड रिंग, दोन भागांचं इपॉक्सी आणि पोकळ दोरीत ओवायची लांब सुई. दहा दिवसांत येईल असं सांगितलं होतं, आलं 5 डिसेंबरला. मधले दिवस पार्सल कस्टममध्ये अडकून होतं, कारण पाठवणाऱ्याने वर नुसतं 'वायर व धारदार वस्तू' लिहिलं होतं. मग प्रत्येक वस्तूची यादी, नग, वापर, बिलाची प्रत, ओळखपत्राची प्रत आणि एक सहीचं पत्र पाठवावं लागलं. पत्र पहिल्यांदा परत आलं, कारण यादीतले नग आणि बिलातले नग जुळत नव्हते. रिंगांचं एक पाकीट मी 'एक' लिहिलं होतं, बिलात 'वीस' होतं. परदेशातून मागवत असाल तर विकणाऱ्याला आधीच सांगा की पार्सलवर 'मासेमारीचं साहित्य' आणि प्रत्येक वस्तूचे बिलाप्रमाणे नग लिहायचे.

खर्चाचं म्हणाल तर, एका तयार चांगल्या जोडीच्या, म्हणजे गळ आणि त्याच्या दोरीच्या, पैशांत घरी साधारण तीन जोड्या होतात. पण सुई, चांगली पक्कड, धागा घट्ट धरणारं बॉबिन आणि गळ पकडायचा छोटा शिकंजा हे एकदाच घ्यावं लागतं, आणि ते वसूल व्हायला विसेक जोड्या तरी बांधाव्या लागतात. वर्षाला दोनदाच समुद्रावर जाणार असाल तर तयार घेतलेलं बरं, असं मी मनापासून सांगेन.

वाट पाहण्याचे ते तीन आठवडे वाया गेले नाहीत. जुना गंजका गळ आणि बुटाची नाडी घेऊन मी रोज रात्री गाठीचा सराव केला. दोरी गळाच्या डोळ्यातून आत घ्यायची, दांड्यावर आठ वेढे द्यायचे आणि त्याच डोळ्यातून उलट बाहेर काढायची. नाडी जाड असल्याने वेढा कुठे चुकतो ते स्पष्ट दिसतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोरी डोळ्यातून कोणत्या बाजूने बाहेर पडते. ती गळाच्या टोकाच्या बाजूने निघाली तर ताण आल्यावर टोक आत, माशाकडे वळतं. उलट बाजूने निघाली तर टोक बाहेर पडतं आणि गळ जबड्यावरून नुसता घसरतो.

7 आणि 8 डिसेंबरला मी पहिल्या आठ जोड्या बांधल्या. एकेका जोडीला चाळीस मिनिटं लागली. दिसायला सुरेख झाल्या होत्या. वेढ्यांवर धागा, धाग्यावर सुपरग्लू, त्यावर काळी नळी, आणि नळी लायटरच्या ज्योतीवर फिरवून आकसलेली. मासा लागल्यावर मी साधारण सात किलोचा ड्रॅग (रिळाचा ब्रेक) ठेवते, म्हणून हुकने निदान वीस किलो पेलावेत असं ठरवलं होतं. 10 तारखेला दाराच्या वरच्या कडीला रिंग अडकवली, गळाला पाण्याचा कॅन टांगला आणि मग्याने पाणी ओतत गेले. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे वेगळा काटा लागत नाही.

बारा लिटरला पहिला तुटला. दुसरा चौदाला, तिसरा अकराला. दोरी होती ऐंशी किलोची. तीनही ठिकाणी ती मधे नाही, तर नळीच्या तोंडाशीच तुटली होती.

चौथा हुक मी तसाच ठेवला आणि नळी ब्लेडने उभी चिरली. आत दोरीचे पदर उरलेच नव्हते. मेणबत्ती वितळून परत गोठावी तसा एक चकचकीत कडक दांडा झाला होता. पीई धागा ओढायला अफाट मजबूत असतो, पण उष्णता त्याला सोसत नाही. साधारण 145 अंश सेल्सिअसला तो वितळतो आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून कमजोर व्हायला लागतो. लायटरची ज्योत त्याच्या कितीतरी पट गरम असते. नळीवरून ज्योत 'नुसती फिरवली' असं आपल्याला वाटतं, पण आतल्या दोरीचं काम तेवढ्यात संपलेलं असतं. उरलेली वाट सुपरग्लूने लावली होती. तो पातळ असल्यामुळे दोरीत वर चढतो आणि वेढ्यांच्या पुढचा सेंटीमीटरभर भाग काडीसारखा ताठ करतो. मग दोरी सगळीकडून न वाकता एकाच जागी मोडत राहते.

ती रात्र मला जड गेली. दोन दिवसांचं काम होतं आणि बाहेरून त्यात खोट काढता येत नव्हती. कॅन टांगला नसता तर हेच हुक घेऊन मी समुद्रावर गेले असते आणि हरवलेला प्रत्येक मासा दातांच्या नावावर मांडला असता. म्हणून कोणतीही नवी पद्धत वापरलीत की पहिले दोन हुक तोडण्यासाठीच बांधा.

दुसऱ्या खेपेला दोन बदल केले. 90 अंशांच्या आसपास आकसणारी नळी घेतली आणि ती चिमट्यात धरून उकळत्या पाण्यात बुडवली. सुपरग्लू बंद केला आणि इपॉक्सी फक्त धाग्यावर, काडीच्या टोकाने लावलं. इपॉक्सी रात्रभर वाळू द्यायचं, घाई करायची नाही. या खेपेचा प्रत्येक तपासलेला हुक पंचवीस लिटर पेलून राहिला. त्यापुढे कॅनच नव्हता.

मग प्रश्न उरला खऱ्या दातांचा. त्याआधी घरी एक प्रयोग केला, तो कोणीही करू शकतं. पीई दोरी सैल धरून तिच्यावर कटरचं पातं हलकेच ओढलं, तर दोरी पात्याबरोबर सरकते आणि थोडीशी पिंजते. त्याच दोरीला पाच किलो टांगून तेच पातं तितक्याच हलक्या हाताने टेकवलं, तर ती फटकन तुटते. ताणलेल्या धाग्याला सरकायला जागा नसते. मासा पळत असताना दोरी नेमकी अशीच ताणलेली असते, त्यामुळे पाकिटावर छापलेल्या ऐंशी किलोंना दातांपुढे काही अर्थ राहत नाही. अरॅमिड दोरीने पातं जास्त वेळ सोसलं, म्हणून माझी आशा तिच्यावर होती.

28 डिसेंबरला परत गेले. या वेळी वही नेली होती. कोणता हुक, कोणती दोरी, किती लांब, काय झालं, चार रकाने. पीईच्या चार हुकांना मासे लागले, चारही दोऱ्या कापल्या गेल्या. अरॅमिडच्या तीन हुकांपैकी एकाची दोरी तुटली, दोन मासे वर आले. नुसत्या वायरचे, दोन्ही टोकांना क्रिंप केलेले दोन हुक होते. त्यातल्या एकावर मध्यम सुरमई आली, पण तिच्या एका झटक्याने वायरला अशी घडी पडली की नंतर हुक जिगपासून आडवा बाहेर उभा राहायला लागला. घडी पडलेली वायर सरळ करून परत वापरू नका, ती पुढच्या वेळी तिथेच तुटते. अरॅमिडचंही पूर्ण समाधान नव्हतं. दुसऱ्या माशानंतर डोळ्यापाशी, जिथे दोरी सतत वाकते, तिथे तिचे धागे मोडायला लागले होते. अरॅमिड कापायला चिवट, पण वारंवार वाकवणं आणि ऊन दोन्ही तिला मानवत नाही. पिवळी दोरी तपकिरी दिसायला लागली की बदलायची.

मी हे सगळं वहीत लिहीत असताना बोटीचे तांडेलकाका शेजारी येऊन बसले. त्यांनी बर्फावरची सुरमई उचलली, पकडीने तिचा जबडा उघडला आणि माझा हुक तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात, जिथे तो लागला होता तिथेच, परत टेकवला.

"ताई, दोरी कुठून जाते ते बघा."

मी पाहिलं. गळ जबड्याच्या कोपऱ्यात होता. तिथून सात सेंटीमीटरची दोरी पूर्ण दंतपंक्तीवरून आडवी जाऊन बाहेर जिगपर्यंत पोचत होती. जवळपास प्रत्येक दात दोरीला लागत होता.

"मग काका, वायरच लावू का?"

"वायर लावा, नाही तर साखळी लावा. पण एवढी लांब कशाला? दातात लोखंड येऊ दे. चावेल चावेल, काय बिघडतं?"

तोवर मी न तुटणारी दोरी शोधत होते. ती मुळात दातांपर्यंत पोचूच न देणं हा विचार मला सुचला नव्हता. दोरी दोन सेंटीमीटरची असेल तर गळ जिगच्या डोक्याला जवळजवळ चिकटून राहतो आणि दातांमध्ये येतं ते जिगचं अंग. याची किंमत मोजावी लागते हे खरं. दोरी जितकी आखूड तितकी जिगची तरफ माशाला जास्त मिळते आणि काही मासे सुटतात. पण सुटलेल्या माशाच्या तोंडात गळ आणि दोरी राहत नाही, आणि मला तो सौदा जास्त पटतो.

जानेवारीत आखूड हुक बांधायला बसले आणि पहिल्याच संध्याकाळी अडले. नेहमीच्या पद्धतीत दोरीचा फास करून तो सॉलिड रिंगमधून घेतात आणि गळ फासातून ओवून आवळतात. फास दोन सेंटीमीटरचा असेल तर त्यातून 5/0 चा गळ जातच नाही, अडीच सेंटीमीटर रुंद पोटाशी अडतो. दोन रात्री मी फास थोडा मोठा, थोडा लहान करत बसले. उत्तर साधं होतं, फक्त क्रम उलटा करायचा होता. रिंग आधी ओवायची आणि हुक नंतर बांधायचा.

आता मी अशी बांधते. पोकळ पीई दोरीचा चौदा सेंटीमीटरचा तुकडा कापायचा आणि सुईने त्याच्या पोटातून तेवढीच 49 तारांची वायर ओढून घ्यायची. कापताना डोळ्यांवर चष्मा हवाच, वायरचे तुकडे उडतात. हा तुकडा मधोमध दुमडून सॉलिड रिंगवर फासासारखा आवळायचा. दोन्ही टोकं एकत्र गळाच्या डोळ्यातून टोकाच्या बाजूने आत घ्यायची आणि दांड्यावर शेजारी शेजारी झोपवायची. रिंग आणि डोळा यांत दोन सेंटीमीटर मोजून पेनाने खूण करायची. वायरची टोकं दोरीतून पाच मिलिमीटर बाहेर काढून डोळ्याकडे उलटी वाकवायची; हे विसरलं तर ताणाखाली वायर आतून सरकते. मग डोळ्याजवळून सुरुवात करून पीई धाग्याचा एक पूर्ण थर खाली आणि दुसरा परत वर, जितका ताण धागा सोसेल तितका देऊन गुंडाळायचा. त्यावर इपॉक्सी, रात्रभर विश्रांती, सकाळी नळी उकळत्या पाण्यात. दोन पदर असल्यामुळे एक कापला तरी दुसरा असतो, आणि दोरी कापली गेली तरी आत वायर असते. बाहेरून दोरी असल्याने वायरला सहज घडीही पडत नाही.

सुरमई बहुतेक वेळा शेपटाकडून वार करते, म्हणून जिगच्या खालच्या टोकालाही असाच एक हुक लावला. इथे एक मोजमाप चुकवू नका: वरचा आणि खालचा हुक दोरीसकट एकमेकांकडे ताणून धरले तरी टोकं भिडता कामा नयेत. भिडली तर पाण्यात दोघे एकमेकांत अडकतात आणि जिग फेरीभर तिरपं पडून राहतं. माझं पहिलं असंच अडकलं, ते बादलीत बुडवून पाहिलं म्हणून कळलं.

बारा जोड्या 19 जानेवारीला तयार झाल्या आणि मग वाऱ्याने तीनदा बोट रद्द केली. दर वेळी अर्ज नव्याने: सगळ्यांची नावं, वयं, ओळखपत्राची प्रत, घरच्यांचा नंबर, तेही चोवीस तास आधी. आगाऊ रक्कम एकदाच पुढे सरकते हे मला दुसऱ्यांदा रद्द झाल्यावर कळलं. हवामानामुळे बोट रद्द झाली तर पैशांचं काय, हे आधीच लेखी घ्या. त्या पाण्यात कोणत्या माशाचं किती किमान माप चालतं आणि कोणता भाग बंद आहे हेही तेव्हाच विचारा, बोटीवर चढल्यावर नाही. सोडून द्यायच्या माशांसाठी मी निम्म्या गळांचे उलटे काटे पकडीने दाबून टाकले.

15 फेब्रुवारीला अखेर गेलो. 60 मीटर पाणी, तेच 160 ग्रॅमचं जिग. सात मासे लागले. चार वर आले, तीन सुरमई आणि एक बाराकुडा, दोन सुटले, एकाने वरून लीडर कापला, त्याचा असिस्टशी संबंध नाही, तिथे दहा-पंधरा सेंटीमीटरची वायर लावायला हवी होती. असिस्टची दोरी एकही तुटली नाही. बाराकुडा सोडवताना मात्र सोबतच्या मित्राच्या हातमोज्यात खालचा हुक घुसला. मोजा जाड होता म्हणून बोट वाचलं. एक गळ माशात आणि दुसरा मोकळा असतो तेव्हा मासा उडाला की तो मोकळा गळ हात शोधतो. आधी लांब पकडीने मोकळा गळ धरा, मगच माशाला हात लावा.

घरी येऊन सगळं गोड्या पाण्यात धुतलं, जिगवरून हुक काढून वाळवले आणि एकेका दोरीवरून नख फिरवलं. उरलेल्या जोड्यांपैकी एक सोडून बाकी सगळ्या गुळगुळीत होत्या. त्या एका जोडीत, रिंगपासून जेमतेम सात मिलिमीटरवर, नख अडलं. भिंगाखाली पाहिलं तर एका पदराची दोरी पूर्ण आडवी कापलेली होती, तिचे सोळाच्या सोळा धागे, तसाच तिरका स्वच्छ काप. आत वायर उघडी पडून चमकत होती, तिच्यावर दोन बारीक ओरखडे होते. दुसऱ्या पदराला काही झालं नव्हतं.

ती जोडी कापून गळ आणि रिंग बाजूला काढली. दोरीचा तुकडा वहीत चिकटवला, नोव्हेंबरच्या तीन तुकड्यांच्या खाली, आणि शेजारी तारीख लिहिली. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर रुततं आहे, घसरत नाही, तेव्हा तो परत वापरणार. रिंग नव्या दोरीत ओवून ठेवली आहे.